एक लॉक, दोन जावा

हट्टी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. आमच्या ऑफिसात दोन आहेत, दादरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सोसायटीची अख्खी कमिटी आहे, आणि बायकोचं म्हणणं खरं धरलं तर रोज सकाळी दाढी करताना एक माझ्यासमोर उभा असतो. पण ही सगळी हौशी मंडळी. हट्ट हाच पूर्णवेळचा उद्योग आणि त्यात रविवारीसुद्धा खाडा नाही, असं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. ते म्हणजे माझी सख्खी मावशी. लालबागला एका चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर ती राहते. वय बाहत्तर, उंची पाच फुटांना दोन बोटं कमी आणि आवाज तळमजल्यापर्यंत पोचेल असा. एकदा परळच्या स्टॉपवर आम्ही दोघं उभे असताना बस न थांबताच पुढे गेली. मी नेहमीप्रमाणे दोन शिव्या हासडून पुढच्या बसची वाट बघायला लागलो. मावशी मात्र चालू लागली. पुढच्या सिग्नलला बस अडकली होती. मावशीने दारावर थाप मारली, आत चढली आणि ड्रायव्हरला विचारलं, "मी दिसले नाही का तुम्हाला? हिरवी साडी नेसलेय मी." मी धापा टाकत पोचेपर्यंत त्या भल्या माणसाने बस जागची हलवली नाही.

मावशीचा धंदा डीटीपीचा. लग्नपत्रिका, गावच्या मंडळांचे अहवाल, पूजेची हँडबिलं हे सगळं ती गेली तीसेक वर्षं घरातल्या एका कोपऱ्यात कंपोज करून छापखान्याला पाठवत आली. तिचा कीबोर्ड इतका जुना आहे की त्याच्यावरची अक्षरं पुसून गेलीत आणि बटणांना बोटांच्या आकाराचे खळगे पडलेत. दुसऱ्या कुठल्याही कीबोर्डावर ती टाइप करत नाही. मी एकदा वाढदिवसाला नवा नेऊन दिला, तर तिने तो देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात ठेवला आणि म्हणाली, "दिसायला छान आहे रे." काका, म्हणजे मावशीचे यजमान, हे सगळं शांतपणे बघतात. चहात साखर नव्हती हे ज्यांना कप संपल्यावर कळतं आणि कळल्यावरही जे कोणाला सांगत नाहीत, अशांपैकी ते आहेत. मावशीशी संसार करायला दुसरा कोणी टिकलाही नसता.

तिच्या धंद्यातले दोन नियम अख्ख्या लालबाग-परळमध्ये ठाऊक आहेत. पहिला असा की ज्याचा मजकूर असेल त्याने प्रूफ स्वतः वाचायचं आणि खाली सही करायची. भावाने चालत नाही, बायकोने चालत नाही, "तुम्हीच बघून घ्या, मावशी" तर मुळीच चालत नाही. दुसरा नियम पहिल्याचा पहारेकरी. माणसं न वाचताच सही ठोकतात हे तिने फार लवकर ओळखलं, म्हणून प्रत्येक प्रुफात ती मुद्दाम एक चूक पेरते. कुठे कोणती पेरली ते एका वहीत लिहून ठेवते. गिऱ्हाइकाने ती शोधून काढली की मगच बाकीच्या दुरुस्त्या, आणि त्यानंतर छपाई. शिवडीच्या एका गोदामातले सुपरवायझर मुलाची लग्नपत्रिका घेऊन आले होते. त्यांनी प्रुफावर सही करून पाठवली, पण मावशीने पेरलेली चूक तशीच होती. मावशी ते प्रूफ घेऊन गोदामात गेली आणि पोत्यांच्या थप्पीवर बसली. बाहेर ट्रक खोळंबले. सुपरवायझर वाचतायत, मदतीला दोन हमाल वाचतायत, ट्रकचा क्लीनर खांद्यावरून डोकावतोय. शेवटी एक हमालच ओरडला, "साहेब, तुमचा हॉल परळला आहे ना? इथे करी रोड लिहिलंय!" मावशीने हमालाला शाबासकी दिली, पण सही सुपरवायझरांचीच घेतली.

माझ्या स्वतःच्या लग्नपत्रिकेत तिने मला बी.कॉम.चा बी.एस्सी. केलं होतं. मी ती चूक पाहिली होती, पण वाचायला बरं वाटलं म्हणून गप्प बसलो. आठवडाभर तिने पत्रिका अडवून ठेवली. सासऱ्यांचे फोनवर फोन. शेवटी मी लालबागला जाऊन माझं खरं शिक्षण लेखी कबूल केलं.

अशी ही मावशी जगात एकाच व्यक्तीपुढे थोडी नमते, ती म्हणजे तिची थोरली जाऊ. या जाऊबाई गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला राहतात. चाळीत सगळे त्यांना वयनी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. वयनींनी उमेदीची वर्षं गिरणीच्या वाइंडिंग खात्यात काढली. त्या मावशीपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, अंगाने काटकुळ्या, आणि बोलणं अजून अस्सल मालवणी. मावशी माझ्याशी मुंबईचं मराठी बोलते, पण वयनींशी बोलताना ती गॅलरीतून थेट कणकवलीच्या पलीकडे जाते. नवी सून असताना ती त्यांना अहो-जाहो करायची म्हणे. मग एकाच नळावर पाणी भरता भरता त्या 'अहो'चं 'गो' कधी झालं ते दोघींच्याही लक्षात राहिलेलं नाही.

वयनींना एक नाद होता. शब्द जमवायचा. गावाकडचे शब्द, खात्यातल्या बायकांचे शब्द, माशांची नावं, भांड्यांची नावं, कामाची, रागाची, लाडाची. मशीनचा घरघराट चालू असताना शेजारणीच्या तोंडून एखादा शब्द निघाला की त्या तो पदराच्या गाठीत बांधल्यासारखा घरी आणायच्या आणि वहीत लिहायच्या. अशा अकरा वह्या झाल्या. या वह्यांचं पुस्तक करायचं हे दोघी जावांनी फार पूर्वी ठरवलं होतं, पण लोकांच्या पत्रिका आधी आणि घरचं काम मागे असं होत राहिलं. मग वयनींच्या डोळ्यांत काहीतरी सुरू झालं. वाचताना ओळीच्या मधोमध डाग दिसायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं की हे थांबणार नाही, कडेचं थोडंफार दिसत राहील पण समोरचं अक्षर जाईल. वर्ष म्हणाले, कदाचित कमी. घरी येऊन वयनी मावशीला एवढंच म्हणाल्या, "धाकटे, माका माजा पुस्तक माज्या डोळ्यांनी वाचूचा आसा. दुसऱ्याच्या तोंडान नको." मावशीने त्या दिवशी हातातल्या सगळ्या पत्रिका परत केल्या. लग्नसराई तोंडावर आली होती.

आता इथे लॉक येतं. मावशी ज्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरवर काम करते, ते उघडायला बोटाएवढी एक यूएसबीची कांडी कॉम्प्युटरला लावावी लागते. डीटीपीवाले तिला लॉक म्हणतात. लॉक लावलं तर अक्षरं उमटतात, काढलं तर फाइलच उघडत नाही. ते बनवणारी कंपनी कधीच मिटली, त्यामुळे दुसरं लॉक मिळायची सोय नाही. आणि काम दोन घरांत चालणार होतं. मावशी तिच्या घरात तिच्या कीबोर्डावर टाइप करणार, वयनी त्यांच्या घरात प्रूफ वाचणार. वयनींच्या मुलाने मस्कतहून भिंतभर टीव्ही पाठवला होता. त्याला एक कॉम्प्युटर जोडून दिला की अक्षर हवं तेवढं मोठं करता यायचं. वयनींना दोन बटणं शिकवली होती. एक पुढच्या ओळीला जायचं आणि एक चुकीवर चांदणी टाकायचं. चांदणी टाकली की त्या मोठ्याने ओरडायच्या, "गावली!" पण त्यासाठी आधी मावशीने आपल्याकडचं लॉक उपसायचं, गॅलरी पार करायची, तिकडे लावायचं, तासाभराने तिथलं उपसून पुन्हा इकडे. असं दिवसातून दहा वेळा.

हरवू नये म्हणून तिने लॉक घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलं, आणि काका तो जुडगा घेऊन वरळी कोळीवाड्यात मासे आणायला गेले. परत आले तर किल्ल्या आहेत, लॉक नाही. मावशीने पिशवी मोरीत उपडी केली आणि एकेक बांगडा उचलून खाली बघत गेली. तळाशी लॉक होतं. पुसून, पंख्याखाली वाळवून लावलं तर चाललं, पण त्यानंतर पंधरा दिवस कॉम्प्युटर चालू केला की बांगड्याचा वास यायचा असं काका अजून सांगतात. मग काढ-घाल करून करून त्या लॉकची पिन ढिली झाली. लॅमिंग्टन रोडच्या दुरुस्तीवाल्याने ती भिंगाखाली धरून पाहिली आणि म्हणाला, "मावशी, एकदा लावा आणि परत हात लावू नका. अजून दहा वेळा काढलीत तर अकराव्यांदा चालणार नाही."

मला बोलावणं आलं. "तू कॉम्प्युटरमध्ये आहेस ना?" मी म्हटलं, "मावशी, मी इन्शुरन्समध्ये आहे." ती म्हणाली, "कॉम्प्युटरसमोरच बसतोस ना? मग ये." मी गेलो आणि शहाण्यासारखे सल्ले दिले. म्हटलं, सगळं नव्या फॉन्टमध्ये करून टाक. तिने ते करून पाहिलं होतं. वयनींचे काही उच्चार लिहायला तिने त्या जुन्या सॉफ्टवेअरात स्वतः दोन खुणा बनवल्या होत्या, आणि नव्या फॉन्टात त्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येत होती. म्हटलं, मग वयनींनाच इकडे आणून बसव. तर भिंतभर टीव्ही इकडच्या भिंतीला मावत नव्हता, कारण इकडच्या भिंतीला काकांचं कपाट होतं. म्हटलं, मग तू वाचून दाखव, त्या ऐकतील. मावशीने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा बी.एस्सी. झाल्यासारखं मला वाटलं. "तिचं पुस्तक आहे. प्रूफ ती वाचणार. स्वतः." मी चहा प्यायलो आणि घरी गेलो.

चार दिवसांनी तिचा फोन आला की उपाय सापडला आहे, दुकानात जायला ये. तिने इंटरनेटवर शोधून शोधून एक डबी हुडकून काढली होती. काड्यापेटीपेक्षा जरा मोठी. यूएसबीची वस्तू त्या डबीला लावायची, डबी घरातल्या नेटवर्कला जोडायची, की नेटवर्कवरच्या कुठल्याही कॉम्प्युटरला वाटतं ती वस्तू आपल्यालाच लावली आहे. म्हणजे लॉक कायमचं डबीत राहणार, त्याला कोणी हात लावणार नाही, आणि ते दोन्ही घरांत चालणार. डबी घ्यायला मी तिच्याबरोबर गेलो होतो. दुकानदार म्हणाला, "आजी, ही प्रिंटरसाठी असते. लॉक चालेल याची गॅरंटी नाही." मावशी म्हणाली, "गॅरंटी माझ्याकडे आहे. तुम्ही डबी द्या."

ती डबी चालू व्हायला तीन दिवस लागले. डबीचं माहितीपुस्तक इंग्रजीत होतं. मावशीने ते बोट ठेवून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं, आणि वाचता वाचता लाल पेनाने त्यातल्या स्पेलिंगच्या चुका दुरुस्त केल्या. मला म्हणाली, "यांच्याकडे प्रूफ कोण वाचतं रे?" पहिल्या दिवशी डबी तिच्या कॉम्प्युटरला दिसली, पण वयनींच्या कॉम्प्युटरला दिसेना. मध्ये दोन जाड भिंती आणि तीन लोखंडी कपाटं, वायफाय पोचत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने गॅलरीच्या छताला कपडे वाळत घालायच्या दोरीला समांतर अशी केबल टाकली. स्टुलावर मी होतो, खालून हुकूम तिचे. तरी डबी दिसेना. मी म्हटलं, "मावशी, नाही होत गं." ती माहितीपुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून उघडून बसली. तिसऱ्या दिवशी तिला आढळलं की वयनींच्या कॉम्प्युटरचं सुरक्षेचं कुलूपच डबीला आत येऊ देत नव्हतं. ते तिने उघडून दिलं आणि यादीत लॉकचं नाव झळकलं. टीव्हीवर तिसऱ्या वहीचं पहिलं पान उघडलं. वयनी पडद्याकडे बघतच राहिल्या. "लॉक तुझ्याकडे आसा मा? मग ह्या माझ्याकडे कसा उघाडला?"

"डबीत आसा," मावशी म्हणाली. "पण एका वेळी एकानच वापरूचा. न्हाणीसारखा."

एवढ्यानेच वयनींना सगळं समजलं. साठ वर्षं मजल्यावरची सामाईक न्हाणी वापरलेल्या बाईला याहून जास्त काय समजावायचं? डबीचा नियमच तसा होता. एकीने लॉक धरलं की दुसरीला ते मिळत नाही, पहिलीने सोडावं लागतं. मावशीने आपल्या कॉम्प्युटरचं नाव 'धाकटी' ठेवलं होतं आणि वयनींच्याचं 'थोरली', त्यामुळे पडद्यावर 'थोरली वापरत आहे' असं यायचं. दुसऱ्याने सोडावं म्हणून विनंती पाठवायचं एक बटणही होतं. मावशीने ते एकदाच दाबलं. वयनींच्या टीव्हीवर ऐन शब्दाच्या डोक्यावर इंग्रजी चौकट उगवली आणि त्या संतापल्या. "ह्या काय मधीच इला?" तेव्हापासून ते बटण बंद झालं. मावशी दारात येऊन ओरडायची, "वयनी, सोड गो!" आणि तिकडून यायचं, "सोडलंय!" वयनी वाचण्यात गुंतलेल्या असल्या तर मधल्या खोल्यांमधले लोक निरोप पुढे ढकलायचे. मासेवालीसुद्धा टोपली उतरवायच्या आधी सांगायची, "वयनी, लॉक सोडा, धाकटी खोळंबलीय." केबलवर लोक ओले कपडे टाकायला लागले तेव्हा मात्र मावशीने गॅलरीत एक कागद चिकटवला. 'ही दोरी नाही. हिच्यातून पुस्तक जातं.' एकाने तरी गोधडी टाकलीच. तुटलेली केबल घेऊन मावशी त्याच्या दारात जाऊन उभी राहिली, आणि दुसरी केबल त्यानेच आणून बसवली.

काम धावायला लागलं. पण वयनींचे डोळेही धावत होते. सुरुवातीला टीव्हीवर अख्खं पान दिसायचं. मग अक्षर वाढवून अर्धं पान, मग चार ओळी. दिवाळीच्या आसपास मी गेलो तेव्हा पडद्यावर एकच शब्द होता, भिंतभर. निस्ताक. पुढच्या ओळीचं बटण दाबलं की त्याचा अर्थ, माशाचं कालवण. वयनी मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेने तो शब्द बघत होत्या, जसं कोणी दाराच्या फटीतून बघावं. तरी पेरलेली चूक त्यांच्या हातून सुटत नव्हती. "गावली!" ओरडायच्या आणि मावशी आपल्या वहीत फुली मारायची. सकाळी सहाला मावशी टाइप करायला बसायची. काकांनी स्वयंपाक शिकून घेतला. मनगट सुजलं तर तिने पट्टी बांधली, आणि डॉक्टर विश्रांती घ्या म्हणाले तर तिने डॉक्टर बदलला. मी एकदा म्हटलं, "जरा दमानं घे." ती म्हणाली, "ते डोळ्यांना सांग."

शेवटची वही राहिली होती. एका दुपारी मी गेलो तर मावशी कीबोर्डासमोर हात मांडीत घेऊन नुसती बसली होती. तिला असं रिकामं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तिने समोरची वही माझ्याकडे सरकवली. पेरलेल्या चुकांची ती वही. शेवटच्या नोंदीपुढे फुली नव्हती. 'वायच' या शब्दाचा अर्थ तिने 'पुष्कळ' असा पेरला होता. वायच म्हणजे थोडंसं, हे लालबागच्या पोरालाही ठाऊक आहे. वयनींनी तो शब्द तसाच पुढे जाऊ दिला होता.

"नजरचुकीने झालं असेल," मी म्हटलं.

"त्या पानावर दुसऱ्या तीन खऱ्या चुका होत्या. माझ्या हातून झालेल्या. त्याही गेल्या." मावशीचा आवाज इतका बारीक झाला होता की मला पुढे वाकावं लागलं. "तिला दिसत नाही रे आता. ती नुसतं बटण दाबतेय. काम अडू नये म्हणून. माझं काम अडू नये म्हणून."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला मी उगाच डबीच्या दिव्याकडे बघत राहिलो. नियमाप्रमाणे वयनींना ते पान परत द्यायला हवं होतं, शोधून काढेपर्यंत थांबायला हवं होतं. गोदामात पोत्यावर बसून ट्रक अडवणारी ती बाई उठली, चपला घातल्या, गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि म्हणाली, "वयनी, माझा घसो बसलोहा. डॉक्टर सांगता, रोज तासभर मोठ्यान वाचूक व्हया. तुझ्याच वहीतला वाचतंय, चलात?" वयनी टीव्हीकडे तोंड करूनच म्हणाल्या, "वाच."

त्या दिवसापासून मावशी वयनींच्या शेजारी बसून शब्द मोठ्याने वाचायची आणि वयनी टीव्हीकडे तोंड करून बटण दाबायच्या. जणू त्या वाचतायत आणि ही आपल्या घशासाठी बडबडतेय. कानाने वयनींनी पुष्कळ चुका पकडल्या, उच्चार सुधारले, दोन अर्थ बदलले. मावशीने फक्त एक केलं, चुका पेरायचं बंद केलं. सुटलेल्या 'वायच'चा अर्थ तिने गुपचूप दुरुस्त करून टाकला. पंधराएक दिवसांत वही संपली.

सहीच्या दिवशी मी होतो. मावशीने शेवटचं पान पाटावर ठेवलं, वयनींच्या हातात पेन दिलं आणि सहीच्या जागेवर आपलं बोट ठेवलं. वयनींनी बोट चाचपून त्याच्या शेजारी सही केली. निम्मी कागदावर, निम्मी पाटावर. पेनाला टोपण लावत त्या सहज म्हणाल्या, "धाकटे, पंधरा दिवस वाचतंस, पण एक चूक पेरूक नाय तू. म्हणजे तुका कळला."

मावशी पाटावरचं पान सारखं करत राहिली.

"खयची गो ती? माका गावली नाय ती खयची?"

"सांगूचंय नाय," मावशी म्हणाली आणि पान उचलून बाहेर गेली. गॅलरीत केबलखाली उभी राहून ती रडली. जाणारे-येणारे बघत होते, तिने पदरही तोंडाला लावला नाही. मला म्हणाली, "एक वही कमी पडली रे. दोन महिने आधी सुरू केलं असतं तर तिने सगळं वाचलं असतं. मी पत्रिका करत बसले." इतक्या वर्षांत मावशीला हरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

पुस्तक छापून आलं. वयनींनी ते हातात घेऊन वजन बघितलं, वास घेतला, कडेवरून बोट फिरवलं आणि उशाशी ठेवलं. मला वाटलं, संपलं. मावशीचा हट्ट एवढ्यावर थांबेल असं मला वाटावं, म्हणजे इतक्या वर्षांत मी काहीच शिकलो नाही.

मागच्या महिन्यात मी सकाळीच गेलो होतो. गॅलरीत एका टोकाच्या दारात मावशी खुर्ची टाकून बसली होती, मांडीवर पुस्तक आणि हातात ती चुकांची वही. दुसऱ्या टोकाच्या दारात वयनी, डोळे मिटून. मावशी मोठ्याने वाचत होती. "आडाळो. म्हणजे पाणी तापवायचं भांडं."

"गावली! आडाळो म्हणजे विळी गो!"

मावशीने फुली मारली. काकांनी मला चहा देत सांगितलं की हे रोजचंच आहे. 'अ'पासून सुरुवात केली होती, एकदा पुस्तक संपलं तर पुन्हा 'अ'पासून. पानागणिक एक चूक. वयनींनी एकही सोडलेली नाही. मात्र रोज वाचन संपलं की त्या विचारतात, ती खयची, म्हणजे तेव्हा सुटलेली चूक कुठची, आणि मावशी सांगत नाही. पहिल्या फेरीत तिने 'व'ची पानं नीटच वाचली होती. तिला धीर झाला नव्हता.

त्या दिवशी तिने मधली पानं ओलांडून एकदम 'व' काढला. काकांनी माझा हात धरला. मावशीने चष्मा सारखा केला, दोनदा घसा साफ केला, आणि वाचलं, "वायच. म्हणजे पुष्कळ."

गॅलरीत कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. मधल्या खोलीतली बाई दारात येऊन उभी राहिली. मावशीचा पेन धरलेला हात वहीवर तसाच थांबला होता आणि ती पुस्तकाकडे न बघता गॅलरीच्या त्या टोकाकडे बघत होती. घरात कोपऱ्यात डबीचा हिरवा दिवा लुकलुकत होता. लॉक तिने अजून काढलेलं नाही.

"ह्याच ती मा?" वयनींचा आवाज आला. डोळे मिटलेलेच होते. "वायच म्हणजे थोडा गो. तेव्हा माका दिसूक नाय. आता आयकलंय." आणि मग तिसऱ्या मजल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या ओरडल्या, "गावली!"

मावशीने जुनी पानं उलटून ती रिकामी नोंद शोधली, तिच्यापुढे फुली मारली, चष्मा काढून पदराने पुसला आणि पुढचा शब्द वाचायला घेतला.